रोटरी इंजिनाचा श्वास

पेट्रोलवर चालणारें कोणतेंहि इंजिन हा मुळांत एक भाता असतो. तें हवा आंत ओढतें, तिच्यांत पेट्रोलचे सूक्ष्म कण मिसळून तें मिश्रण ठिणगीनें पेटवितें, आणि काम करून निवालेला वायु बाहेर टाकतें. पेट्रोल हवें तितकें पुरवितां येतें. तो पंपाचा प्रश्न आहे. अडचण असते ती हवेची. एका दमांत जें इंजिन अधिक हवा घेईल तें अधिक बलवान, हा ह्या शास्त्राचा पहिला धडा होय. मोटार हांकणारा मनुष्य पायाखालचें पेडल दाबतो तेव्हां तो पेट्रोल वाढवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो हवेच्या वाटेंतील एक झडप उघडीत असतो. पेट्रोल तिच्या पाठोपाठ येतें. ह्या झडपेला थ्रॉटल म्हणतात. नळीच्या पोटांत बसविलेली ती धातूची एक गोल चकती असते. आडवी असली म्हणजे वाट बंद, उभी झाली म्हणजे वाट मोकळी.

घरगुती मोटारीला अशी एकच झडप पुरते. तिच्यामागें एक पोकळ पेटी असते आणि त्या पेटींतून इंजिनाचे सगळे कक्ष आपापल्या नळीनें हवा घेतात. एका आडावर चार घरांनीं पाणी भरावें तसा हा प्रकार. परंतु ज्यांना इंजिनापासून त्याची सारी शक्ति वसूल करावयाची असते, ते लोक फार दिवसांपासून प्रत्येक कक्षाला निराळी नळी आणि निराळी झडप देत आले आहेत. रोटरी इंजिनाच्या बाबतींत तर ह्या दाराला विशेषच महत्त्व आहे. कारण इतर इंजिनांत प्रत्येक कक्षाच्या तोंडाशीं उघडझाप करणाऱ्या ज्या झडपा असतात, त्या ह्या इंजिनांत मुळींच नाहींत. हवेच्या नळ्यांची रचना हेंच त्याचें भाग्य ठरविणारें अंग आहे, असें म्हटलें तरी चालेल.

ह्या इंजिनाचा जनक फेलिक्स वांकेल हा जर्मनीच्या बाडेन प्रांतांतील लार गांवीं १३ ऑगस्ट १९०२ रोजीं जन्मला. विश्वविद्यालयाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती. दृष्टि इतकी अधू कीं, मोटार हांकण्याचा परवाना त्यानें जन्मभर काढला नाहीं. अशा मनुष्यानें मोटारीचें इंजिन नव्यानें रचावें हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. त्याचा राजकीय भूतकाळ मात्र विनोदाचा नाहीं. तो हिटलरच्या पक्षांत होता. पक्षांतील भांडणापायीं १९३३ सालीं कांहीं महिने तुरुंगांतहि जाऊन आला. आणि पुढें त्याच राजवटीच्या विमानखात्यासाठीं काम करीत राहिला. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनीं त्याची प्रयोगशाळा मोडून टाकली व त्याला कांहीं काळ अटकेंत ठेवलें. यंत्राची थोरवी सांगतांना यंत्रकाराची ही बाजू झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

१९५१ सालीं एन्. एस्. यू. ह्या जर्मन कंपनीशीं त्याचा करार झाला. १ फेब्रुवारी १९५७ रोजीं त्याचें पहिलें इंजिन चाललें; पण त्यांत आंतील रोटर व बाहेरील कवच दोन्ही फिरत असत, आणि स्पार्क प्लग बदलावयाचा म्हणजे सगळें यंत्र खोलावें लागे. एन्. एस्. यू. चा इंजिनियर हान्स डीटर पाश्के ह्यानें कवच स्थिर ठेवून आंत एकटा रोटर फिरविण्याची सोपी रचना केली. वांकेलला ती रुचली नाहीं. जगानें मात्र तीच उचलली.

ह्या रचनेची भूमिति शाळेंतल्या फळ्यावर काढून दाखवितां येईल इतकी स्वच्छ आहे. बाजू किंचित् फुगलेला असा एक त्रिकोण मनांत आणावा. मध्यावर थोड्या आवळलेल्या लंबवर्तुळासारख्या पोकळींत तो अशा रीतीनें फिरतो कीं, त्याचीं तिन्ही टोकें सदैव भिंतीला टेकून राहतात. त्रिकोणाच्या बाजू आणि भिंत ह्यांच्यामध्यें तीन कक्ष तयार होतात; ते फिरतां फिरतां लहानमोठे होतात; आणि त्या लहानमोठें होण्यांतच हवा ओढणें, दाबणें, पेटणें व बाहेर टाकणें हीं चारहि कामें उरकतात. मधला दांडा तीनदां फिरतो तेव्हां रोटर एकदां फिरतो. माझ्दाच्या १३बी ह्या प्रसिद्ध इंजिनांत रोटराच्या भूमितींतील त्रिज्या १०५, रुंदी ८० आणि दांड्याची विकेंद्रता १५ मिलिमीटर आहे. ह्या तीन आंकड्यांचा गुणाकार करून त्याला तिपटीनें व पुन्हां तिहींच्या वर्गमुळानें गुणिलें म्हणजे एका कक्षाचें घनफळ सुमारें ६५४ घन सेंटिमीटर येतें. घरांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावयास हरकत नाहीं.

दट्ट्याच्या इंजिनांत हवा ओढण्याचें काम दांड्याच्या अर्ध्या फेऱ्यांत उरकावें लागतें; रोटरी इंजिनांत त्याला पाऊण फेरा मिळतो. हा पाऊण फेरा नीट लक्षांत ठेवावा, कारण पुढील कथा त्यावरच उभी आहे.

आतां हवा आंत येण्याचें भोंक कोठें पाडावयाचें? जागा दोनच आहेत. एक बाहेरच्या भिंतीच्या परिघांत, दुसरी रोटराच्या कडेला असलेल्या सपाट तबकडींत. परिघांतील भोंकानें हवा सरळ धांवत येते आणि जोर उत्तम मिळतो. पण तें भोंक कधींच खऱ्या अर्थानें मिटत नाहीं. एका कक्षावरून सरकलें कीं दुसऱ्यावर उघडें. परिणामीं मंद गतीला जुना धूर आणि ताजी हवा ह्यांची सरमिसळ होऊन इंजिन अडखळतें. कडेच्या भोंकांतून येणाऱ्या हवेला वळण घ्यावें लागतें. परंतु तें भोंक रोटर आपल्या अंगानेंच झांकतो व उघडतो, म्हणून संथ चालीला तें बरें. एन्. एस्. यू. नें पहिली जागा पसंत केली. दुसरी पसंत केली ती जपानांतील एका कंपनीनें, आणि तिला रोटरी इंजिन ही हौस नव्हती, जगण्याचा उपाय होता.

तोयो कोग्यो ही हिरोशिमा येथील कंपनी १९२० सालीं बुचाचा माल करण्यासाठीं निघाली. जुजिरो मात्सुदा ह्यानें तिला यंत्रांकडे आणि तीनचाकी मालगाड्यांकडे वळविलें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं शहर भस्म झालें त्या वेळीं हिजियामा टेकडीच्या आडोशामुळें कारखान्याच्या इमारती बऱ्याच अंशीं बचावल्या, आणि प्रांताच्या सरकारी कचेऱ्यांना कांहीं काळ त्याच इमारतींत आसरा घ्यावा लागला. पुढें माझ्दा ह्या नांवानें जी मोटार जगभर गेली ती ह्याच कारखान्याची. १९६१ च्या सुमारास जपानी सरकारच्या मनांत देशांतील मोटारकंपन्या थोड्या मोठ्या गटांत एकवटाव्या असें होतें. जुजिरोचा मुलगा त्सुनेजी मात्सुदा ह्याला आपली कंपनी दुसऱ्याच्या पोटांत जाऊं द्यावयाची नव्हती. जें कोणापाशीं नाहीं तें आपल्यापाशीं असलें तरच आपण उरूं, असा त्याचा हिशेब होता. म्हणून त्यानें त्याच सालीं एन्. एस्. यू. कडून रोटरी इंजिनाचा परवाना विकत घेतला.

काम केनइची यामामोतो ह्या इंजिनियराकडे आलें. हा युद्धकाळांत विमानांच्या कारखान्यांत होता. अणुबाँबनें त्याची बहीण गेली. आणि १९४६ सालीं तो तोयो कोग्योच्या कारखान्यांत साध्या कामगाराप्रमाणें जुळणीच्या कामाला लागला होता. १९६३ सालीं त्याच्या हाताखालीं ४७ इंजिनियरांचें स्वतंत्र खातें निघालें. धन्यासाठीं प्राण देणारे ४७ रोनिन ही कथा जपानांत घरोघर ठाऊक आहे, जशी आपल्याकडे पावनखिंडीची. साहजिकच ह्या मंडळींना तेंच नांव चिकटलें.

परवाना घेतल्यावर कळलें कीं विकत घेतलेलें इंजिन टिकत नाहीं. रोटराच्या तिन्ही टोकांना भिंतीशीं सांधा राखणाऱ्या बारीक सीलपट्ट्या असतात. त्या थरथरत आणि कवचाच्या आंतल्या गुळगुळीत भिंतीवर आडवे वळ उमटवीत. जपानी इंजिनियर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्टीचा स्वतःचा एक नैसर्गिक कंप असतो. घर्षणानें तोच कंप जागा होतो, हें उमगल्यावर त्यांनीं पट्टीला आडवींतिडवीं भोंकें पाडून तिचा कंप बदलून पाहिला, आणि शेवटीं कार्बनमध्यें ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी वापरली. ३० मे १९६७ रोजीं कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरांची, ९८२ घन सेंटिमीटरची मोटार विक्रीस आली. त्याच वर्षीं एन्. एस्. यू. ची आर्ओ ८० ही देखणी गाडीहि निघाली आणि १९६८ ची युरोपांतील उत्कृष्ट मोटार ठरली. पण तिच्या सीलपट्ट्या दगा देत. रस्त्यावर भेटलेले दोन मालक आपलें कितवें इंजिन चाललें आहे तें बोटें वर करून एकमेकांस सांगत, अशी थट्टा तेव्हां रूढ होती. फुकट बदलून द्याव्या लागलेल्या इंजिनांनीं कंपनी खचली आणि १९६९ सालीं फोक्सवागेनच्या छत्राखालीं गेली. १९७३ च्या तेलटंचाईनें माझ्दालाहि जवळजवळ बुडविलें होतें, कारण हें इंजिन पेट्रोल फार पितें. तरी तिनें हट्ट सोडला नाहीं. १९७८ सालीं आर्एक्स-७ निघाली आणि तिनें इंजिनाची अब्रू परत मिळविली.

आतां त्या पाऊण फेऱ्याकडे वळूं. १३बी मध्यें दोन रोटर असून ते अर्ध्या फेऱ्याच्या अंतरानें चालतात. प्रत्येकाचें हवा ओढणें पाऊण फेरा चालतें. अर्थात् एकाचा श्वास पुरा होण्यापूर्वींच दुसऱ्याचा सुरू झालेला असतो. दोघांची पेटी एक असली म्हणजे एकाच्या तोंडचा घांस दुसरा ओढतो, आणि पेटींतील दाब सारखा वरखालीं होत राहतो. शिवाय चालकानें पेडल दाबलें तरी मधली पेटी भरेपर्यंत इंजिनाला त्याची वार्ता पोहोंचत नाहीं. रस्त्यावर हा क्षणाचा उशीर जाणवतहि नाहीं. शर्यतीच्या वळणावर जाणवतो.

म्हणून आर्एक्स गाड्या शर्यतीला लावणारे लोक इटलींतल्या वेबर कारखान्याच्या दुघशी कार्ब्युरेटरकडे वळले. ४८ आय्डीए हा त्याचा प्रकार अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोर्टो रिको ह्या देशांतील रोटरी मंडळींत जवळजवळ दैवत मानला जातो. त्यांत ४८ मिलिमीटर व्यासाचे दोन घसे शेजारी शेजारी असतात. एक घसा एका रोटराला, दुसरा दुसऱ्याला. कोणी कोणाचा वाटा घेत नाहीं. स्वतंत्र थ्रॉटल म्हणून पुढें जी पद्धति आली, ती ह्या कार्ब्युरेटरचीच मुलगी होय. आंतील पेट्रोलचे तोटे जाऊन त्यांच्या जागीं विजेच्या आज्ञेनें उडणाऱ्या पिचकाऱ्या आल्या, एवढाच फरक.

येथें कारखान्याची बाजूहि ऐकली पाहिजे, कारण ती दुबळी नाहीं. भोंक उघडतां-मिटतांना नळींतील हवेच्या स्तंभाला धक्का बसतो आणि दाबाची एक लाट ध्वनीच्या वेगानें नळींतून उलट जाते. माझ्दाच्या इंजिनियरांनीं १९८० नंतरच्या दशकांत नळ्यांची लांबी अशी योजिली कीं, एका रोटरापाशीं उठलेली लाट दुसऱ्याच्या भोंकाशीं तें मिटण्याच्या आधीं जाऊन पोहोंचावी आणि तिनें चार कण हवा अधिक आंत लोटावी. म्हणजे ज्याला शर्यतवाले चोरी म्हणत त्यालाच ह्यांनीं शेजारधर्म करून दाखविला. ही युक्ति सुंदर आहे, आणि रोजच्या गाडीला तीच योग्य. तिची मर्यादा एवढीच कीं नळीची लांबी एकदां ठरली म्हणजे तिचा लाभ एका ठराविक गतीच्या आसपासच मिळतो. बासरीच्या एका भोंकांतून एकच सूर निघावा तसें हें आहे. लांब नळी मंद गतीला मानवते, आंखूड नळी तीव्र गतीला.

ह्या अडचणीवरचा तोडगा फ्रान्समधील ल मां येथें जगानें पाहिला. तेथील चोवीस तासांच्या शर्यतींत माझ्दाचें इंजिन १९७० पासून अधूनमधून उतरत होतें. १९९० सालीं तिच्या दोन्ही नव्या ७८७ गाड्या शर्यत पुरी करूं शकल्या नाहींत. पुढच्या नियमांत रोटरी इंजिनाला जागा राहणार नव्हती. तेव्हां १९९१ ही अखेरचीच संधि. त्या वर्षीं आणलेल्या ७८७बी मध्यें चार रोटर होते, घनफळ २६१६ घन सेंटिमीटर, भोंकें परिघांतलीं, प्रत्येक रोटराला तीन स्पार्क प्लग. आणि चार रोटरांच्या चार नळ्या दुर्बिणीच्या नळकांड्यांप्रमाणें एकींत एक सरकून इंजिनाच्या गतीनुसार आपोआप लांब व आंखूड होत. बासरीवाल्यानें वाजवितां वाजवितां बासरीच कमीजास्त करावी, तसा प्रकार! दर मिनिटास ९००० फेऱ्यांना हें इंजिन सुमारें ७०० अश्वशक्ति देई.

२२ जून १९९१ रोजीं दुपारीं शर्यत सुटली. पुढें धांवणाऱ्या मर्सिडीज गाडीनें शेवटचे कांहीं तास राहिले असतां मान टाकली, आणि ५५ नंबरची नारिंगी-हिरवी माझ्दा सर्वांच्या पुढें आली. वजनाच्या नियमांत तिला ८३० किलोची सवलत मिळालेली होती, बहुतेक प्रतिस्पर्ध्यांना १००० किलोचें ओझें होतें. विजयाचें माप घेतांना हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. तरी चोवीस तास न थांबतां चालणें हें सवलतीनें साधत नाहीं. फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो ह्या तिघा चालकांनीं ३६२ फेरे पुरे केले. मागें तीन जॅग्वार गाड्या होत्या, पहिली दोन फेऱ्यांनीं मागें. शेवटची पाळी चालविणारा हर्बर्ट उष्म्यानें व तहानेनें इतका गळाला होता कीं, सत्काराच्या चौथऱ्यावर त्याला चढतां आलें नाहीं. ल मां जिंकणारी ती पहिली जपानी मोटार.

कारखान्याची ही कथा येथें जवळजवळ संपते; हौशी कारागिराची मात्र संपत नाहीं. आर्एक्स-७ गाड्या जुन्या झाल्या, स्वस्तांत मिळूं लागल्या, आणि घरामागच्या शेडमध्यें त्यांच्या १३बी इंजिनांना स्वतंत्र थ्रॉटल बसविण्याचा उद्योग अनेक देशांत सुरू झाला. हें काम वरवर सोपें वाटतें. प्रत्यक्षांत तें चार धंद्यांची परीक्षा घेतें.

पहिल्यानें इंजिनाच्या भोंकांचा ठसा कागदावर घ्यावा लागतो. रस्त्यावरच्या १३बी मध्यें एका रोटराला निदान दोन भोंकें असतात, एक मधल्या तबकडींत, एक कडेच्या. भोंक लांबट, थ्रॉटल गोल. म्हणजे नळीनें वाटेंत आपला आकार बदलावयाचा, तोहि कोठें खांच किंवा पायरी न ठेवतां, कारण हवेला पायरी आवडत नाहीं. जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यांतून तळपट्टी कापतात आणि तिला नळ्या झाळतात. झाळतांना ती पट्टी उष्णतेनें वांकते, हें नवशिक्याला ठाऊक नसतें. जाणता कारागीर तिला आधीं दुसऱ्या जड ठोकळ्यावर बोल्टांनीं आवळतो, थोडें थोडें झाळतो, निवूं देतो, आणि अखेर तिचें तोंड यंत्रावर सपाट करून घेतो. तेथें केसाएवढी फट राहिली तरी बिनमापाची हवा आंत शिरते, मिश्रण पातळ होतें, अवेळीं स्फोट होऊं लागतात, आणि रोटराच्या टोकाची ती सीलपट्टी तुटते. तुटलेला तुकडा बाहेर जातांना कवचाची भिंत खरवडून जातो. एका फटीपायीं सगळें इंजिन!

थ्रॉटल पुष्कळदां मोडीत निघालेल्या मोटारसायकलींचे घेतात, कारण त्यांत प्रत्येक सिलिंडरला निराळी झडप असणें ही नित्याची गोष्ट आहे. नळीच्या बाहेरच्या टोकाला कर्ण्यासारखें रुंद तोंड देतात, म्हणजे हवा कडेवर न आपटतां आंत वळते. एवढें झाल्यावर हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. कारखान्याचें इंजिन पेटींतील दाब मोजून पेट्रोल ठरवितें. पेटीच नाहींशी केल्यावर तो दाब इतका थरथरतो कीं त्यावर विश्वास ठेवतां येत नाहीं. म्हणून झडप किती अंशांनीं उघडली आहे आणि दांडा किती वेगानें फिरतो आहे ह्या दोहोंवरून पेट्रोलचें कोष्टक नव्यानें बनवावें लागतें, एकेक घर भरीत. ब्रेकला मदत करणारी हवेची ओढहि दुबळी पडते. तिच्यासाठीं सगळ्या नळ्यांतून बारीक नळ्या काढून एकत्र जोडाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती विसरणाराला क्षमा नाहीं. रोटरी इंजिन आपल्या सीलपट्ट्यांना वंगण मिळावें म्हणून थोडें तेल मुद्दाम जाळतें. जुन्या गाड्यांत हें तेल कार्ब्युरेटरमध्यें सोडलेलें असे. जो कारागीर कार्ब्युरेटर काढून टाकतो आणि तेलाची ती बारीक नळी कोठें जात होती हें पाहत नाहीं, त्याचें इंजिन आधीं फार सुरेख चालतें, आणि मग चालत नाहीं. शहाणे लोक तेलाला नवी वाट करून देतात, किंवा टाकींतल्या पेट्रोलांतच मोजून तेल मिसळतात.

इतक्या श्रमानें मिळतें काय? शक्तींत कांहीं वाढ होते. पण कडेचीं भोंकें तशींच ठेवलीं तर ती वाढ पुष्कळांना वाटते तेवढी नसते. खरा लाभ पायाखालीं मिळतो. पेडल हलतें न हलतें तोंच इंजिन उत्तर देतें. त्याच्या बदल्यांत मंद गतीचा गुळगुळीतपणा जातो, आवाज वाढतो, आणि शेजाऱ्यांचा रोष पत्करावा लागतो. ज्याला बाजारहाटाला गाडी न्यावयाची आहे त्यानें कारखान्याची पेटी काढूं नये हें बरें.

आर्एक्स-८ चें उत्पादन २०१२ सालीं थांबलें. २०२३ सालीं माझ्दानें रोटरी इंजिन पुन्हां एका गाडींत बसविलें. त्यांत एकच रोटर आहे, ८३० घन सेंटिमीटरचा, आणि तो चाकें फिरवीत नाहीं, विजेची बॅटरी भरतो. चालकाच्या पायाला तात्काळ उत्तर देण्याचें काम तेथें विजेच्या मोटारीकडे आहे. शेडमधील कारागिराचें काम मात्र बदललेलें नाहीं. सर्व बसवून झाल्यावर तो इंजिन मंद चालूं ठेवतो, रबरी नळीचें एक टोक कानाला लावतो, दुसरें एकेका घशाच्या तोंडाशीं नेतो, आणि फुत्काराचा सूर दोन्हीकडे सारखा लागेपर्यंत जोडदांडीवरचा बारीक स्क्रू पाव पाव वळसा फिरवीत बसतो.